आजार आहे, नाव नाही : निदानाविना आजारपण आणि विम्याची दारं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सात वर्षं माझ्या अंगात एक आजार आहे. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. ताप येतो, सांधे सुजतात, आठवडाभर उठवत नाही, मग एखादा महिना बरा जातो. या सात वर्षांत डॉक्टरांशी जेवढी बोलले, त्याहून जास्त विमा कंपनीशी बोलले असेन. अशाच फेऱ्यात सापडलेले लोक ओळखीतून गाठतात आणि साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, वकील नाही, विमा एजंटही नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग मला खरंच काही झालंय का?

रिपोर्ट तुमच्याबद्दल सगळं सांगत नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो, आणि तेही त्या दिवसापुरतं. थायरॉइड नॉर्मल म्हणजे थायरॉइड नॉर्मल, बस.

कधी विचारलं यालाही महत्त्व आहे. काही आजार फक्त झटक्याच्या वेळी सापडतात. तीव्र पोर्फिरिया नावाच्या आजारांत पोटात असह्य कळा येतात. तेव्हा लघवीतलं पोर्फोबिलिनोजेन वाढलेलं असतं, पण झटका ओसरून गेल्यावर तपासलं तर ते नॉर्मलही येऊ शकतं. नमुना उजेडापासून झाकून ठेवला नाही तरी घोळ होतो. तीव्र ॲलर्जीसारखे झटके येणाऱ्यांची ट्रिप्टेज ही रक्ततपासणी झटका सुरू झाल्यापासून साधारण चार तासांच्या आत करावी लागते. आपण मात्र झटका सोसतो, घरी झोपून काढतो, आणि आठ दिवसांनी अपॉइंटमेंट मिळाल्यावर रक्त देतो.

तिसरं उदाहरण पॉट्सचं. या त्रासात उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढतात (किशोरवयात ४०), रक्तदाब मात्र फारसा पडत नाही. बहुतेक दवाखान्यांत नाडी बसवून किंवा झोपवून मोजतात. माणूस झोपलेला असताना हा त्रास दिसणार कुठून?

म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते असं : ‘झटका आला तर त्याच वेळी कोणती तपासणी करून घ्यायची? तसं आधीच लिहून द्याल का?’ ती चिठ्ठी पाकिटात ठेवा.

माझं उलट आहे. एकच रिपोर्ट किंचित बिघडलाय, आणि सगळे त्याच्या मागे लागलेत.

थोडा हिशोब करू. बऱ्याच तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी ठरवतात की १०० निरोगी माणसांतली ९५ त्यात बसावीत. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचीही निदान एक तरी बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के आहे. संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेली एएनए तपासणी घ्या; स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं ती शोधते. नमुना १:४० इतका पातळ केल्यावर ती साधारण तीनांतल्या एका निरोगी माणसात पॉझिटिव्ह येते, १:१६० ला वीसांतल्या एकात. एका आकड्यावरून घाबरायचं नाही. तो आकडा लक्षणांशी जुळतो का, आणि पुन्हा केल्यावर तसाच येतो का, हे महत्त्वाचं.

आजाराला नाव नसेल तर विमा लागू होतो का?

होतो. हे मला कळायला दोन वर्षं लागली, कारण फोनवरच्या प्रत्येकाने ‘डायग्नोसिस काय लिहू?’ असं विचारून मला गप्प केलं होतं.

आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची जागतिक आरोग्य संघटनेची जी यादी आहे, तिच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, ‘आर’ अक्षराचं एक अख्खं प्रकरण फक्त लक्षणांसाठी आहे : आर ०० पासून आर ९९ पर्यंत. कारण न कळलेला ताप, थकवा, चक्कर, वजन उतरणं, सगळ्याला क्रमांक आहेत. दुर्मीळ आजारांच्या ऑर्फानेट या युरोपीय संग्रहात तर ‘पूर्ण तपासणीनंतरही निदान न झालेला दुर्मीळ विकार’ याला स्वतंत्र क्रमांक दिलाय : ६१६८७४. म्हणजे ‘माहीत नाही’ ही वैद्यकशास्त्रातली अधिकृत नोंद आहे, तुमचा हट्ट नव्हे.

जुनं उदाहरणही आहे. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ साली ‘अज्ञात कारणाचा ताप’ याची व्याख्या केली : ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर, वारंवार, तीन आठवड्यांहून जास्त, आणि रुग्णालयात आठवडाभर शोधूनही कारण न सापडलेला. कारण सापडत नाही हीच व्याख्या. ती आजही, थोड्या बदलांसह, वापरतात.

तेव्हा ‘डायग्नोसिस काय?’ याचं उत्तर ‘अजून नाही’ असं देऊन थांबू नका. ‘अमुक लक्षण, कारणाचा शोध चालू’ असं सांगा आणि क्रमांक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

‘फक्त तपासणीसाठी ॲडमिट’ असं कारण देऊन क्लेम नाकारला. हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

घरून ये-जा करून होणाऱ्या तपासण्यांसाठी माणूस रुग्णालयात झोपला, तर पैसे देणार नाही, असं कलम अनेक पॉलिसींत असतं. कलम मुळात वावगं नाही. पण निदान नसलेल्या माणसाच्या प्रत्येक ॲडमिशनवर ते सहज चिकटवता येतं, कारण त्याच्या फाईलीत उपचाराआधी तपासणीच दिसते.

माझ्या पहिल्या मोठ्या ॲडमिशनला पाच दिवस ताप १०३ च्या वर होता, सलाईन चालू होतं, वेदनेसाठी दर सहा तासांनी इंजेक्शन होतं. डिस्चार्ज समरीच्या पहिल्या ओळीत मात्र कुणा निवासी डॉक्टरने घाईत लिहिलं : ‘ॲडमिटेड फॉर इव्हॅल्युएशन’. तेवढीच ओळ कंपनीने वाचली. इंजेक्शनं, सलाईन, ताप हे सगळं आतल्या पानांवर होतं. आतली पानं कुणी मागितली नाहीत आणि मीही दिली नाहीत. मला कुठे माहीत होतं!

आता मी डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच समरीचा कच्चा मसुदा मागते. पहिल्या ओळीत खरं कारण यायला हवं : ‘तीव्र ताप, पाण्याची कमतरता आणि घरी आटोक्यात न येणारी वेदना यासाठी दाखल, उपचारासोबत कारणाचा शोध’. यात एकही खोटा शब्द नाही. फक्त जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहिलंय. क्लेम आधीच नाकारला असेल तर नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि तापाचा तक्ता यांच्या प्रती रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून मागवा आणि त्या जोडून फेरविचार मागा. माझा तो क्लेम असाच, सहा महिन्यांनी, बराचसा मिळाला.

पूर्वपरवानगीच्या पत्रात डॉक्टरांनी नेमकं काय लिहावं?

कंपनीच्या भाषेत परीक्षा एकच : ‘वैद्यकीय गरज’ आहे का? आणि ती तपासणाऱ्याला नावापेक्षा एक गोष्ट जास्त पटते : *या तपासणीच्या निकालाने पुढचा उपचार बदलेल का?* या सगळ्या पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

‘एमआरआय आवश्यक आहे’ हे वाक्य दुबळं आहे. ‘एमआरआयमध्ये सांध्याच्या अस्तराला सूज दिसली तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करू, दिसली नाही तर ते टाळू आणि मज्जातंतूंची तपासणी करू’ हे भक्कम. त्याआधी दोन ओळींत काय काय करून झालं, कोणत्या औषधाचा उपयोग झाला नाही, आणि थांबलो तर कोणता धोका आहे. एवढं एका पानात मावतं. मान्यताप्राप्त वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत ती तपासणी सुचवलेली असेल तर त्या सूचनेचं नाव आणि वर्षही घाला.

एरवी जी तपासणी करून काहीच बदलणार नाही, ती कंपनीने नाकारली तर मी भांडत नाही. अशा दोन तपासण्या मी स्वतःच रद्द केल्यात.

डॉक्टरांना असं पत्र लिहायला वेळ नसतो.

नसतोच. मसुदा तुम्ही करून न्या. तारखा, औषधं आणि मात्रा तुमच्याकडे डॉक्टरांपेक्षा नीट असतात. डॉक्टर तपासतात, खोडतात, सही करतात. पहिल्यांदा मला संकोच वाटला होता. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, ‘बरं झालं, माझी पंधरा मिनिटं वाचली.’ कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी डॉक्टरांनी थेट फोनवर बोलायची सोय काही ठिकाणी असते. ती आहे का, हे विचारून घ्या.

एखाद्या आजाराचं नाव लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगू का? म्हणजे क्लेम सुटेल.

नको. खोटं नाव ही फसवणूक तर आहेच, शिवाय ते नाव जन्मभर फाईलीला चिकटतं. पुढचा डॉक्टर शोधणं थांबवतो. पुढची विमा कंपनी त्याच नावावरून हप्ता वाढवते. ‘तात्पुरतं निदान’ किंवा ‘अमुक असण्याची शक्यता’ हे डॉक्टरांना प्रामाणिकपणे वाटत असेल तर जरूर लिहावं, ‘तात्पुरतं’ या शब्दासकट.

क्लेम ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून नाकारला. पण मला तर आजारच सापडलेला नाही!

विनोदच आहे. आजार काय ते ठरत नाही, पण तो पॉलिसीच्या आधीचा आहे एवढं मात्र ठरतं.

हे बहुधा तुमच्याच तोंडून निघालेल्या एखाद्या वाक्यामुळे होतं. ॲडमिट होताना थकलेल्या माणसाला विचारतात, ‘कधीपासून त्रास आहे?’ आपण आठवून आठवून सांगतो, ‘तसं शाळेत असतानाही गुडघे दुखायचे.’ कागदावर उमटतं : ‘लहानपणापासून सांधेदुखी’. झालं.

लपवायचं काहीच नाही. नेमकं मात्र बोलायचं. हा त्रास, या स्वरूपात, कोणत्या महिन्यात सुरू झाला हे सांगा. शाळेतल्या गुडघेदुखीसाठी डॉक्टरकडे गेला नसाल, औषध घेतलं नसेल, तर तेही सांगा. बऱ्याच पॉलिसींत ‘आधीपासूनचा आजार’ याची व्याख्याच निदान झालेला किंवा डॉक्टरांनी सल्ला-उपचार दिलेला आजार अशी असते. आपल्या पॉलिसीतली व्याख्या शब्दशः काढा आणि उत्तरात तीच उद्धृत करा. चुकीची नोंद झालीच असेल तर लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागता येते. मूळ नोंद खोडून नव्हे, खाली तारीख-सहीची पुरवणी जोडून.

विमा नव्याने घेताना मात्र फॉर्मवर विचारलेलं सगळं लिहा, नाव नसलेली लक्षणंसुद्धा. त्या क्षणी दडवलेली एक ओळ ऐन गरजेच्या वेळी संपूर्ण पॉलिसी बुडवू शकते.

कागदावर ‘अँक्झायटी’ लिहिलंय. आता प्रत्येक जण तेच वाचतो.

माझ्या कागदावर मुळात ‘अँक्झायटी?’ असं होतं, शेवटी प्रश्नचिन्हासह. पुढच्या डॉक्टरने उतरवून घेताना प्रश्नचिन्ह गळलं, आणि कंपनीच्या पत्रापर्यंत पोचेतो तो ‘ज्ञात मानसिक विकार’ झाला होता.

दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्या माणसाला चिंता, निराशा येतेच. तिचा उपचार घेण्यात कमीपणा नाही आणि तो घेतला म्हणून सांध्यांची सूज खोटी ठरत नाही. मला स्वतःला समुपदेशनाचा फायदा झाला. पण ‘शारीरिक कारण सापडलं नाही’ एवढ्यावरून ‘म्हणजे मानसिक’ हा निष्कर्ष निघत नाही. मानसिक आजाराचेही स्वतःचे निकष असतात, ते तपासून ठरवावं लागतं. डॉक्टरांना शांतपणे विचारा : ‘हे निदान कोणत्या निकषांवर?’ मनोविकारतज्ज्ञांनी तपासून ‘लक्षणांचं स्पष्टीकरण यातून होत नाही’ असं लिहून दिलं, तर तो कागद सोन्यासारखा जपा.

आणि जगणंच नको वाटू लागलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. क्लेम, फाईल, सगळं नंतर.

नकाराचं पत्र आलं. आता पहिलं काय?

पहिलं म्हणजे पत्रावरची तारीख बघा. अपिलाची मुदत तिथून मोजतात. मग पत्रात नेमकं कोणतं कलम दिलंय ते बघा. कलमच दिलं नसेल (‘अटींनुसार देय नाही’ एवढंच लिहिण्याची खोड असते) तर ते लेखी मागा. त्यानंतर उत्तर त्याच कलमाला द्या. तुमची सात वर्षांची कहाणी तिथे नको. मी एकदा चार पानं लिहिली होती, ती कुणी वाचली असतील असं वाटत नाही. एक पान, कलमाचा शब्द, त्याविरुद्धचा पुरावा, जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी.

फोन झाला की लगेच ई-मेल टाका : ‘आज अमुक वाजता झालेल्या बोलण्यानुसार आपण असं सांगितलं.’ कंपनीतली दाद संपली की बाहेरची स्वतंत्र यंत्रणा असते. तिथवर फार कमी लोक जातात, बहुतेक जण पहिल्या नकारालाच हात टेकतात.

नियम सगळीकडे सारखेच असतात का?

अजिबात नाही. अमेरिकेत २०१४ पासून आधीच्या आजारावरून बहुतेक विमा नाकारता येत नाही; नकारानंतर कंपनीकडे अपील करायला १८० दिवस असतात आणि पुढे स्वतंत्र समीक्षा मागता येते. जर्मनीतल्या सार्वजनिक विम्याचा हप्ता उत्पन्नावरून ठरतो, आजारावरून नाही. भारतात २०२४ च्या नियमांनी आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ) जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर क्लेम नाकारता येत नाही. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. आपल्याकडचा नियम नियामकाच्याच कागदात वाचा, एजंटच्या तोंडून नको.

विमा बदलू का?

निदान अधांतरी असताना शक्यतो नको. प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याचा धोका असतो. जुन्या पॉलिसीत काढलेल्या प्रतीक्षाकाळाचं श्रेय सोबत नेता येत असेल तर लेखी हमी हातात आल्यावरच. हप्ता चुकवू नका, एवढं मात्र भिंतीवर लिहून ठेवा.

जनुकीय तपासणी करावी का?

लक्षणं लहानपणापासून असतील, घरात आणखी कुणाला असतील, किंवा शरीराच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या भागांत असतील, तर विषय जरूर काढा. आज सहा हजारांहून अधिक दुर्मीळ आजार नोंदलेले आहेत आणि त्यांतले बहुतेक जनुकीय आहेत. एक्झोम तपासणी जनुकसंचाचा जेमतेम १ ते २ टक्के, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना असलेला, भाग वाचते, पण आजार घडवणारे बहुतेक ज्ञात बदल तिथेच आहेत. योग्य रुग्ण निवडले तर साधारण चारांतल्या एकाला किंवा तिघांतल्या एकाला उत्तर मिळतं. बाकीच्यांना मिळत नाही, किंवा ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं अर्धवट उत्तर मिळतं. त्याची मानसिक तयारी ठेवा आणि आधी जनुक-समुपदेशकाशी बोला.

कंपन्या हिला ‘प्रायोगिक’ म्हणून नाकारतात. उत्तर तेच : निकालाने काय बदलेल? विशिष्ट औषध, विशिष्ट देखरेख, निरर्थक तपासण्या थांबणं, घरातल्यांचा धोका, हे लिहून न्या. अनिर्णित आलेला डेटा एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासायला सांगा. नवी जनुकं सतत सापडत असतात, आणि त्यासाठी नवा नमुनाही लागत नाही.

किती डॉक्टर बदलायचे?

सेकंड ओपिनियन घ्या, तिसरंही घ्या. पण सगळ्यांची पत्रं गोळा करणारा एक डॉक्टर कायम ठेवा. माझ्या फाईलीच्या पहिल्या पानावर फक्त एक तक्ता आहे : महिना, काय झालं, काय तपासलं, काय निघालं. जाड फाईल पाहून डॉक्टर दचकतात, एक पान मात्र वाचतात. सुजेचे, पुरळाचे फोटो तारखेसकट काढा. अपॉइंटमेंटच्या दिवशी सूज हमखास उतरलेली असते.

कंपनीच्या परवानगीची वाट पाहत थांबू का?

छातीत दाबल्यासारखं होणं, श्वास अडकणं, एकीकडची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव : आधी रुग्णालय. तातडीच्या ॲडमिशनची खबर ठरावीक तासांत द्यायची असते. ते काम घरातल्या कुणाला तरी आत्ताच नेमून द्या.

घरचे म्हणतात, ‘जरा हिंडाफिरायला लाग, बरं वाटेल.’

काही आजारांत वाटतंही. पण श्रमानंतर एक-दोन दिवसांनी तुम्ही आडवे पडत असाल, तर नेट लावून व्यायाम वाढवणं उलटू शकतं. याच कारणाने उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली दीर्घकालीन थकव्याच्या एमई/सीएफएस या आजारासाठी ठरावीक चढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. चांगल्या दिवशी सगळी साठलेली कामं उरकायचा मोह आवरणं मला आजही जमत नाही. घरच्यांना सोबत डॉक्टरकडे नेलं, हा एकच उपाय माझ्याकडे चालला.

निदान कधीतरी होईल का?

युरोपातल्या दुर्मीळ आजारांच्या रुग्णांना निदान मिळायला सरासरी चार-पाच वर्षं लागतात. अमेरिकेत २००८ साली फक्त निदान न झालेल्या रुग्णांसाठी सरकारी कार्यक्रम सुरू झाला, आणि तिथले निवडक तज्ज्ञ, सगळी यंत्रं हाताशी असूनही, बहुसंख्य रुग्णांना नाव देऊ शकत नाहीत. दुसरी बाजूही आहे : अज्ञात कारणाच्या तापात ज्यांचं कारण शेवटपर्यंत सापडत नाही, त्यांतल्या बहुतेकांचा ताप कालांतराने आपोआप ओसरतो. मला नाव मिळालेलं नाही. लक्षणांवरचं औषध मिळालंय आणि महिन्यातले चांगले दिवस वाढलेत.

कंपनीशी फोनवर बोलताना रडूच येतं.

मलाही यायचं. आता माझ्या वतीने बोलायचं अधिकारपत्र भावाला लिहून दिलंय. त्याचा आवाज चढतो, पण तो रडत नाही, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायला विसरत नाही.